न्यू जर्सीत आईसाठी घरी घेतलेली हॉस्पिस सेवा : अनुभव आणि अभिप्राय

हा अभिप्राय न्यू जर्सीच्या मध्य भागात काम करणाऱ्या, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका हॉस्पिस संस्थेच्या घरपोच सेवेविषयी आहे. हॉस्पिस म्हणजे अखेरच्या काळात आजार बरा करण्याऐवजी रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा. माझ्या आईला अल्झायमर होता आणि तिचे अखेरचे महिने तिने आमच्या घरी, याच संस्थेच्या देखरेखीखाली काढले. संस्थेचे नाव मी देत नाही. या सेवेचा मोठा भाग मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याच्या, नियमांनी बांधलेला असल्यामुळे तो कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून जवळपास सारखाच मिळतो आणि जिथे फरक पडतो तिथे तो तुमच्या वाट्याला आलेल्या नर्सवर आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसावर अवलंबून असतो. एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, प्लेन्सबोरो या पट्ट्यात वृद्ध आईवडिलांना सांभाळणारी मराठी घरे पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे की ही सेवा जरूर घ्यावी, डॉक्टर कधी सुचवतात याची वाट न पाहता आपण होऊन विचारावे, मात्र ती घेतल्यावर रुग्णाजवळ रात्रंदिवस कोणी येऊन बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. रुग्णाला उचलणारे, पुसणारे, भरवणारे हात घरचेच राहतात. त्या हातांना शिकवण्याचे आणि अडल्यावेळी सल्ला देण्याचे काम संस्था करते.

मेडिकेअरमधील हॉस्पिसची तरतूद 1982 च्या कायद्याने आली. आजार नेहमीच्या गतीने पुढे गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे असे दोन डॉक्टरांनी लिहून दिले की रुग्ण पात्र ठरतो. त्यानंतर नव्वद दिवसांचे दोन टप्पे आणि पुढे साठ-साठ दिवसांचे कितीही टप्पे मिळू शकतात. त्या मूळ आजारावर बरे करण्यासाठीचे उपचार सोडावे लागतात, पण इतर असंबंधित आजारांसाठी मेडिकेअर चालूच राहते आणि विचार बदलला तर हॉस्पिस केव्हाही सोडता येते. या दोन्ही गोष्टी नातेवाइकांना ठाऊक नसतात, म्हणून ‘सही केली की दोर कापले’ अशी भीती घेऊन माणसे कागदांसमोर बसतात. नर्स, डॉक्टर, समाजसेविका, अंघोळीसाठी येणारी मदतनीस (एड), धर्मगुरू आणि स्वयंसेवक असा सगळा गट, शिवाय हॉस्पिटल बेड, हवेची गादी, ऑक्सिजनचे यंत्र, डायपर आणि आजाराशी संबंधित औषधे हे सर्व त्यात येते. औषधामागे फार तर पाच डॉलर द्यावे लागू शकतात. आमच्याकडून तेही कधी मागितले गेले नाहीत.

पात्रतेबाबत आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मुलामुलींनी इथे कितीही वर्षे नोकरी करून कर भरला असला तरी त्या वर्षांचा आईवडिलांच्या मेडिकेअरसाठी उपयोग होत नाही. स्वतःची किंवा जोडीदाराची पुरेशी नोकरी इथे झालेली नसेल, तर वयाची पासष्ट वर्षे आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्यावर मासिक हप्ता भरून मेडिकेअर विकत घेता येते आणि तो हप्ता चांगलाच जड असतो. आई-बाबांसाठी आम्ही तो भरत होतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हा मार्ग बंद आहे. त्यांच्यासाठी धर्मादाय निधी राखून ठेवणाऱ्या ना-नफा संस्थांकडे थेट विचारणा करावी, कारण संस्था आपण होऊन त्याची जाहिरात करत नाहीत.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सहा महिन्यांची अट लावणे अवघड असते. कर्करोगाची उतरण बरीचशी दिसत असते, पण अल्झायमरचा रुग्ण महिनोन्महिने एकाच पायरीवर थांबतो आणि मग एका तापात दोन पायऱ्या घसरतो. म्हणून इथे ‘फास्ट’ नावाची एक श्रेणी वापरतात. तिच्या सातव्या पायरीत आधी बोलणे मोजक्या शब्दांवर येते, मग एका शब्दावर, त्यानंतर चालणे जाते, मग आधाराशिवाय बसणे, मग हसणे आणि शेवटी मान धरणे. चालणे गेले आणि त्यासोबत गेल्या वर्षभरात छातीत अन्न जाऊन झालेला न्यूमोनिया, खोल शय्याव्रण, वारंवार ताप किंवा वजनात मोठी घट यांपैकी काही झाले असेल, तर रुग्ण साधारणपणे पात्र धरला जातो. आईचे चालणे थांबले होते, वजन झपाट्याने उतरत होते आणि न्यूमोनियामुळे ती इस्पितळात जाऊन आली होती. तिथे तिचे हात पलंगाला बांधलेले पाहिल्यावर बाबांनीच सांगितले, “आता तिला परत इथे आणायचं नाही.”

हा अंदाज किती सैल असतो याचे उदाहरण माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या घरातच आहे. त्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये जॉर्जियातील प्लेन्स या गावी घरी हॉस्पिस स्वीकारले आणि 29 डिसेंबर 2024 पर्यंत ते जगले. त्यांच्या पत्नी रोझलिन यांना स्मृतिभ्रंश होता. त्यांनी हॉस्पिस स्वीकारल्याची बातमी आली आणि अवघ्या दोन दिवसांत, 19 नोव्हेंबर 2023 रोजी त्या गेल्या. पुण्याहून रोज फोन करणाऱ्या माझ्या दादाला सहा महिन्यांचा आकडा फार लागला होता. समाजसेविकेने त्याला हे उदाहरण सांगितले, तेव्हा त्याने तो आकडा डोक्यातून काढला.

दाखल करून घेण्याची पद्धत मला अतिशय आवडली. सह्या झाल्या त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बेड, आळीपाळीने फुगणारी गादी आणि ऑक्सिजनचे यंत्र घरात आले. औषधांचा एक छोटा डबा आला, तो फ्रिजमध्ये ठेवायचा आणि फोनवर नर्सने सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. त्यात जिभेखाली किंवा गालात सोडायचे दाट मॉर्फिन, अस्वस्थतेसाठी लोराझेपाम, मळमळ आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घशात साचणाऱ्या स्रावासाठी ॲट्रोपिनचे थेंब, तापाची आणि बद्धकोष्ठाची गुदद्वारातून द्यायची औषधे होती. नर्सने प्रत्येक औषध हातात घेऊन ते कशासाठी, किती आणि कसे द्यायचे ते सांगितले, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून मला आणि माझ्या यजमानांना पाव मिलिलिटर मोजायला लावले आणि आम्ही दोघांनी ते बरोबर केल्यावरच ती उठली. वैद्यकीय हस्तक्षेपांविषयीचा पोल्स्ट नावाचा कागद भरून दर्शनी जागी लावला, म्हणजे घाबरून कोणी 911 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केलाच तर येणाऱ्यांना रुग्णाची इच्छा समजेल.

मॉर्फिनचे नाव ऐकताच दादा बिथरला. त्याच्या मनात हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचे शांती अवेदना सदन, आणि तिथे जातात ते कर्करोगाचे रुग्ण. ते सदन 1986 मध्ये कर्करोगाच्या रुग्णांसाठीच सुरू झालेले, त्यामुळे ‘आईला कर्करोग नाही, मग मॉर्फिन कशाला’ हा त्याचा प्रश्न स्वाभाविक होता. भारतात 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यातील अटींमुळे हे औषध अनेक वर्षे बहुतेक दवाखान्यांत मिळतच नसे आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले, तरी सर्वसामान्य घरांत त्याच्याभोवतीची भीती उरलेलीच आहे. संस्थेच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर दादाला वेळ दिला. श्वास लागत असेल किंवा वेदना असतील तेव्हा अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करून बेताने वाढवलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही, त्याने होणारे बद्धकोष्ठ मात्र हमखास असते आणि म्हणून पहिल्या मात्रेबरोबरच रेचक सुरू करायचे, हे त्यांनी समजावले. पुण्यात मध्यरात्र होती. दादाने शेवटी इतकेच म्हटले, “तिला दुखू देऊ नका म्हणजे झालं.”

दुखते की नाही हे आई सांगू शकत नव्हती आणि या सेवेची खरी परीक्षा तिथेच झाली. इंग्रजी तिला पूर्वीही बेताचेच येत असे, आजारात ते पूर्ण गेले आणि मराठीतलेही मोजकेच शब्द उरले. आमच्या नर्सने तिला एकही प्रश्न न विचारता वेदना मोजली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी ती वापरत असे. श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणे अशा पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. ती आम्हालाही शिकवली. कूस बदलताना आईची भुवई आकसते आणि ती उजवी मूठ मिटते, याला आम्ही आजवर हट्ट समजत होतो. नर्सने त्याला वेदना म्हटले, दुखण्याचे साधे औषध मागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यायला सांगितले आणि काही दिवसांत अंघोळीच्या वेळचा आईचा विरोध निम्म्यावर आला. या एका गोष्टीसाठी मी या संस्थेची कायमची ऋणी आहे.

दुभाष्याची सोय होती, तीही मराठी भाषकाची, फोनवरून. बाबांसाठी ती मोलाची ठरली, कारण त्यांचे प्रश्न माझ्यामार्फत न जाता थेट नर्सपर्यंत गेले आणि मुलीसमोर जे विचारवत नव्हते ते त्यांनी विचारले. आईसाठी मात्र तिचा उपयोग शून्य होता, कारण यंत्रातून येणारा अनोळखी आवाज ऐकून ती भेदरत असे आणि खोलीत तो माणूस शोधत राही. मग आम्ही ‘दुखतं का’, ‘पाणी’, ‘हळू’, ‘झालं हं’, ‘कूस बदलू या’ असे नेहमीचे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून बेडच्या डोक्याशी चिकटवले. हैतीहून आलेली आमची एड ते इतक्या मायेने म्हणू लागली की तिचा ‘झालं हं’ ऐकला की आई हात सैल सोडायची. आपल्यापैकी कोणी ही सेवा घेणार असेल तर पहिल्याच दिवशी असा कागद करून लावावा. संस्था तो करून देत नाही, तिने तो मागून घ्यायला हवा असे माझे मत आहे.

आता जेवणाविषयी, कारण घरात सर्वांत जास्त बोलणे आणि सर्वांत जास्त रडणे यावरच झाले. आई तोंड मिटून घेऊ लागली, घास गालात धरून ठेवू लागली, पाण्याचा घोट घेतला की ठसका लागू लागला. बाबांना हे पाहवत नव्हते. “अगं, तिला उपाशी ठेवायचं का? नळी घाला म्हणावं,” असे ते रोज म्हणत. ज्या बाईने साठ वर्षे आल्यागेल्याला जेवल्याशिवाय उठू दिले नाही, तिच्या ताटात दोन चमचे राहावेत हे आम्हा सगळ्यांनाच अपराधासारखे वाटत होते. नर्सने बाबांशेजारी बसून दुभाष्यामार्फत जे सांगितले ते मला जसेच्या तसे आठवते : ती खात नाही म्हणून जात आहे असे नाही, तिचे शरीर आवरते घेत आहे, म्हणून तिला भूक उरलेली नाही. पोटात घातलेल्या नळीने स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत आयुष्य वाढत नाही, अन्न छातीत जाण्याचा धोका टळत नाही, उलट रुग्ण नळी ओढतो म्हणून हात बांधावे लागतात आणि व्रणांचा त्रास वाढतो. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या आपल्या निवेदनात अशा रुग्णांना नळी घालू नये, त्याऐवजी हाताने जपून भरवावे, असेच म्हटले आहे. हात बांधण्याचा उल्लेख येताच बाबांनी नळीचा विषय सोडला, तो पुन्हा काढला नाही.

भरवायचे कसे, हे संस्थेच्या नर्सने आणि एकदा येऊन गेलेल्या गिळण्याच्या तज्ज्ञाने उत्तम शिकवले. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री होईपर्यंत पुढचा घास नाही, तोंड फिरवले की थांबायचे, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तिला आडवे करायचे नाही. त्यांनी दिलेला आहाराचा कागद मात्र आपल्या घरांना निरुपयोगी आहे. सफरचंदाचा गर, पुडिंग, बटाट्याचा लगदा, जेलो : यांतले काहीच आईच्या जिभेला ओळखीचे नव्हते. आपल्याकडचे मऊ वाटणारे पदार्थही सगळे चालत नाहीत. मोकळा भात तोंडात शितेशिते होऊन पसरतो, साबुदाणा चिकटतो आणि दुधात भिजवलेल्या पोह्यांत पातळ आणि घट्ट एकत्र असल्यामुळे ठसका हमखास लागतो. जमले ते असे : मेतकूट आणि तूप घालून मिक्सरमधून काढलेला गुरगुट्या भात, घट्ट पेज, नाचणीची खीर, तांबड्या भोपळ्याचे मऊसूत भरीत आणि आमरस. चहा हा तिचा जीव की प्राण, पण पातळ पेय म्हणून तोच सर्वांत धोक्याचा होता. नर्सने यावर सुचवलेली तोड अशी की तोंड ओले करण्यासाठी जे काडीला लावलेले छोटे स्पंज मिळतात, त्यातला एक चहात बुडवून, पिळून तिला चोखायला द्यायचा. आल्याचा चहा ओठांना लागला की आईचे डोळे उघडत. पुढे खाणे पूर्ण थांबल्यावरही हा चहा चालू राहिला आणि बाबांना रोज दोनदा करण्यासारखे एक काम मिळाले.

एड आठवड्यातून तीनदा, तासाभरासाठी येई. तेवढ्यात ती अंथरुणातच आईला स्वच्छ पुसून, केस विंचरून, चादर बदलून देई. उरलेला सगळा वेळ आपला असतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा उशीवर अधांतरी ठेवणे, डायपर बदलणे, त्वचेवर कुठे लाली येते का ते पाहणे, रात्री दोनदा उठणे. यासाठी घरात किमान दोन धडधाकट माणसे हवीत, नाहीतर पदरचे पैसे घालून बाई ठेवावी लागते. आमच्या भागात तिचा दर ताशी असतो आणि महिन्याचा हिशेब केला तर तो अनेक घरांना झेपणारा नाही. मेडिकेअरच्या योजनेतला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. कर्करोगाच्या रुग्णाचे अंथरुणाला खिळलेले दिवस तुलनेने थोडे असतात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे महिने असतात आणि तरी दोघांना एकाच मापाने तास मिळतात. घरच्यांना विसावा म्हणून रुग्णाला एका वेळी पाच दिवसांपर्यंत मान्यताप्राप्त नर्सिंग होममध्ये किंवा इस्पितळात ठेवण्याची सोय योजनेत आहे. ती आम्ही एकदा घेतली. मला पाठदुखीने उठता येत नव्हते म्हणून घ्यावी लागली. पण जागा बदलताच आई बावरली, दोन रात्री झोपली नाही आणि परत आल्यावर पुन्हा रुळायला तिला वेळ लागला. स्मृतिभ्रंश असेल तर शक्यतो रुग्णाला हलवण्याऐवजी घरी जास्तीचे माणूस आणावे, हे मी अनुभवाने सांगते.

सेवेतील उणिवा सांगितल्याच पाहिजेत. पहिली नर्स बदलली आणि मध्ये काही आठवडे दर भेटीला नवा चेहरा येत होता. प्रत्येकीला आईचा इतिहास मीच नव्याने सांगत होते, जणू तो कुठे लिहिलेलाच नव्हता. एका शनिवारी रात्री आईला जोराचा श्वास लागला. फोन उचलला गेला तो फक्त निरोप घेणाऱ्या एका बाहेरच्या सेवेकडून, तिथून निरोप नर्सला आणि मग नर्सचा फोन आम्हाला, यात तासाभराहून अधिक वेळ गेला. तिने बोलणे सुरू केल्यावर सर्व सुरळीत झाले, किती मॉर्फिन द्यायचे ते सांगितले, पंधरा मिनिटे फोनवर थांबली आणि पहाटे स्वतः आली. तरीही तो तास अक्षम्य होता. मी सोमवारी लेखी तक्रार केली. त्यानंतर नर्सशी थेट जोडणारा क्रमांक मिळाला आणि पुन्हा तसे झाले नाही. संस्था निवडताना मेडिकेअरच्या संकेतस्थळावरील तुलना पाहाव्याच, तिथे रुग्णांच्या कुटुंबीयांनी दिलेली मते असतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्री फोन कोण उचलतो, नर्स किती वेळात घरी पोहोचते, शनिवार-रविवारी किती नर्स कामावर असतात आणि एक नर्स किती रुग्ण पाहते, हे चार प्रश्न तोंडावर विचारावेत आणि गुळमुळीत उत्तर आले तर दुसरी संस्था पाहावी. प्रत्येक टप्प्यात एकदा संस्था बदलण्याचा हक्क रुग्णाला असतो.

तिसरा टप्पा सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या डॉक्टरने किंवा नर्स-प्रॅक्टिशनरने (जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्सने) रुग्ण तपासावा लागतो. आईची तब्येत तेव्हा थोडी सावरली होती आणि ‘सुधारणा दिसते’ म्हणून सेवा काढून घेतली जाण्याची शक्यता आम्हाला सांगण्यात आली. चांगली काळजी घेतल्यामुळे व्रण भरले, हेच सेवा थांबण्याचे कारण व्हावे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. नर्सने आईच्या दंडाचा घेर सुरुवातीपासून दर भेटीत मोजून लिहिला होता. तो सतत कमी होत गेल्याची नोंद पुढे ठेवल्यावर मुदत वाढली. घरच्यांनीही खाण्याचे प्रमाण, ताप, ठसके आणि झोपेचे तास एका वहीत रोज लिहून ठेवावेत, ती वही अशा वेळी कामी येते.

शेवटचा आठवडा या सेवेचा सर्वांत उजळ भाग होता. भेटी वाढल्या, नर्स रोज येऊ लागली आणि पुढे काय दिसेल ते तिने आधीच, आडपडदा न ठेवता सांगितले : पाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसेल, श्वास काही वेळ थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर होईल. घरघर ऐकून आपण घाबरतो, पण रुग्णाला तिचा त्रास होत नसावा आणि कुशीवर वळवले की ती कमी होते, हे आधी सांगितले नसते तर बाबांनी नक्की रुग्णवाहिका बोलावली असती. संस्थेच्या धर्मगुरूने आमच्या पद्धती विचारून फाइलमध्ये लिहून घेतल्या होत्या. अखेरच्या वेळी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवायचे असते, असे आम्ही सांगितले, तेव्हा नर्सने हरकत न घेता सोपी रीत दाखवली : आई गिळू शकत नाही, म्हणून पान ओठांवर ठेवायचे आणि गंगाजलाचा थेंब स्पंजने जिभेला लावायचा. समई मात्र ऑक्सिजनच्या यंत्राजवळ लावू दिली नाही, ती शेजारच्या खोलीत ठेवायला सांगितली आणि ते योग्यच होते.

आई पहाटे गेली. 911 ला फोन करायचा नाही, संस्थेला करायचा, हे आम्हा सर्वांना पाठ होते. नर्स आली, तिने मृत्यूची नोंद केली, फ्युनरल होमला कळवले आणि आमच्यासमोर उरलेले मॉर्फिन व इतर नियंत्रित औषधे नष्ट करून त्यावर सह्या घेतल्या. कर्मचाऱ्यांना घरात असे करण्याची परवानगी 2018 च्या एका केंद्रीय कायद्याने मिळालेली आहे. बाबांना आईला घरीच अंघोळ घालून हिरवी नऊवारी नेसवायची होती. नर्सने घाई केली नाही, एडला फोन करून बोलावून घेतले आणि त्या दोघींनी माझ्याबरोबर आईला नेसवले. फ्युनरल होमच्या लोकांना आम्ही तयार झाल्यावरच यायला सांगितले गेले. बेड आणि यंत्रे दुसऱ्या दिवशी गेली.

मृत्यूनंतर वर्षभर कुटुंबाला दुःखातून सावरण्यासाठी मदत देणे हेही संस्थेवर बंधनकारक असते. पत्रे येतात, समाजसेविकेचे फोन येतात, शोकग्रस्तांचे गट भरतात. मला त्यांचा आधार झाला. बाबांच्या वाट्याला मात्र यातले जवळपास काहीच आले नाही, कारण गट इंग्रजीत, पत्रे इंग्रजीत आणि दुभाष्याची सोय रुग्ण असेपर्यंतच कोणी आठवणीने केली. ज्यांनी सहा दशके एका माणसाबरोबर काढली आणि ज्यांना इथे त्या माणसाखेरीज मनातले बोलायला समवयस्क कोणी नव्हते, त्यांच्यापर्यंत ही सेवा पोहोचत नाही. संस्थांना स्वयंसेवकांकडून कामाचा ठरावीक वाटा करून घ्यावाच लागतो आणि त्यांना प्रशिक्षणही त्याच देतात. आमच्या संस्थेच्या समन्वयक बाईंनी मला सांगितले की त्यांच्या यादीत गुजराती आणि तेलुगू बोलणारे स्वयंसेवक आहेत, मराठी बोलणारे एकही नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळांतील निवृत्त मंडळींनी आपापल्या भागातील हॉस्पिसकडे नाव नोंदवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एक तास एखाद्या आजोबांशेजारी बसून चहा घेणे एवढेच त्यांना करायचे असते, आणि मी स्वतः या महिन्यात त्या प्रशिक्षणाला नाव दिले आहे.